उकिरड्यावरची अळंबी

सासू सुनेला काय देते? दागिने असतील तिथे दागिने, नसतील तिथे टोमणे. बुधीने आपल्या सुनेला, रुपाला, एक वारूळ दिलं.

शहापूरहून डोंगराकडे जाणारी जीप जिथे थांबते आणि पुढे जायला नकार देते, तिथून वर चढलं की हा पाडा लागतो. पाड्यामागच्या रानात, सागांच्या आडोशाला ते वारूळ आहे. श्रावणात चांगलं उकडून मग पाऊस झिमझिमला की त्याच्या पायथ्याशी अळंबी फुटते. पांढरी, जाड देठाची, मटणाच्या तोंडात मारेल अशी. ज्या घराला असं वारूळ ठाऊक असतं, ते घर त्याचा पत्ता कुणाला देत नाही. घरातल्या पुरुषांनाही नाही, कारण पुरुषाच्या पोटात भाकर राहते, गोष्ट राहत नाही, असं इथल्या बायका म्हणतात. लेकीलाही नाही, कारण लेक उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार. वारूळ सासूकडून सुनेकडेच जायचं. बुधीने रुपाला हात धरून तिथे नेलं होतं आणि बजावलं होतं, "फुटला का लगेच ये. यक दिस चुकलीस का किडा खातो."

बुधी माघात गेली. त्यानंतरचा हा पहिला श्रावण, आणि रुपाचा नेमका तो एक दिवस चुकला.

मुरबाडला माहेरी भाच्याचं बारसं होतं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं, असं ठरवून ती गेली होती. भाऊ म्हणाला, राहा, एसटी काय उद्या पन हाय. तिला राहायचं होतंच. परत आली, दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन वारुळावर गेली, तर अळंबीच्या छत्र्या उघडून काळ्या पडलेल्या आणि आत किडे वळवळतायत. रुपा तिथेच मटकन बसली. सासूने एकच गोष्ट सोपवली होती, तीही धड सांभाळता आली नाही, याची तिला मनापासून लाज वाटली.

बरं, रिकाम्या हाताने परतायचीही सोय नव्हती. तिचा सासरा नवसू गेले कित्येक दिवस विचारत होता, "वारूळ फुटला काय गो?" बायको गेल्यापासून त्याचं अन्नावरचं मन उडालं होतं. एवढ्या एका भाजीची तो वाट बघत होता, आणि सकाळीच पडवीतून शेजारच्या धोंडीबाईला त्याने ओरडून सांगितलं होतं, "आज सून अळंबी आनाय गेली!"

रुपा मागच्या बाजूने घराकडे आली. गोठ्यामागे उकिरडा आहे. त्याच्या एका अंगाला कुजलेला पेंढा, एका अंगाला शेण, आणि मधे दोन्ही. तिथे बारीक बारीक छत्र्या उगवल्या होत्या. आता, तिच्या माहेरी मुरबाडकडे पेंढ्याची अळंबी खातात. आई करायची, गावभर वाटायची, कुणाला कधी काही झालं नाही. रुपाला पेंढा दिसला. शेण दिसलं नाही, किंवा दिसलं आणि तिने बघितलं नाही. माणसाला जे हवं असतं ते आधी दिसतं, बाकीचं मागाहून.

तिने ती खुडली, धुतली, कांदाखोबऱ्याचं वाटण लावून झणझणीत भाजी केली. सोमवार होता, तिचा स्वतःचा उपास होता. नवरा भगीरथ वाशिंदच्या कारखान्यात पाळीवर, नणंद दिपिका शहापूरला कॉलेजात. जेवायला एकटा नवसू.

"वारुळावरची?" त्याने विचारलं.

"मग! आपल्याच वारुळावरची," रुपा म्हणाली.

जेवून नवसू पडवीत बसला. थोड्या वेळाने तो हसायला लागला. रुपाला आधी बरंच वाटलं. मग तो म्हणाला, "रुपे, भिंत बघ. पोट हालतंय तिचा." कुडाची सारवलेली भिंत होती तिथेच होती. मग तो समोरच्या भातखाचराकडे बघून रडायला लागला. हा हिरवा एवढा हिरवा होता आणि मी जलमभर त्यात नुसता पाय रोवत फिरलो, म्हणाला. भात करपलं म्हणून रडणारे पाड्याने पाहिले होते, हिरवं आहे म्हणून रडणारा हा पहिलाच. धोंडीबाई धावत आली आणि तिने निकाल देऊन टाकला, "वारा आलाय अंगात. भगताला बोलवा."

वारं नव्हतं हे रुपाला ठाऊक होतं. 

तेवढ्यात नवसू उठला, आत चुलीपाशी गेला आणि बुधीच्या रिकाम्या पाटाशेजारी मांडी घालून बसला. त्याचा आवाज अगदी साधा होता, रोजच्यासारखा. "बसलो गो," तो पाटाला म्हणाला. "हा बघ, बसलो."

पाड्यातल्या देवजीने त्याला खाली जीपपर्यंत उतरवलं आणि शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"अळंबी."

"कुठे उगवलेली?"

रुपाच्या मागे देवजी उभा होता, धोंडीबाई उभी होती, कॉलेजातून धावत आलेली दिपिका उभी होती. "वारुळावरची," रुपा म्हणाली. "दर वर्साला खातो आमी." डॉक्टरांनी विचारलं होतं ते औषधासाठी, तिने उत्तर दिलं ते अब्रूसाठी.

डॉक्टर म्हणाले, रानातल्या काही अळंब्यांनी असे भास होतात, काहींनी तर जीव जातो, यांचं नशीब चांगलं म्हणून निभावलं. एक रात्र ठेवून घेतलं आणि सकाळी घरी सोडलं.

घरी आला तो वेगळाच माणूस. दोन वेळा पोटभर जेवला. झोपला. सकाळी उठून अंगणात उभा राहून आळस दिला. भगीरथ तर म्हणाला, बाबांना असं बघून बरीच वर्षं झाली. आणि मग संध्याकाळी सगळे चुलीभोवती बसलेले असताना नवसूने आपणहून सांगितलं.

बुधी शेवटी अंथरुणाला खिळली होती. नवसू जवळून गेला की म्हणायची, "बस ना रे जरा." तो बसायचा नाही. तिचं वाळत चाललेलं अंग त्याला बघवत नव्हतं. कधी बांधावर जायचा, कधी लाकडांना. ती गेली त्या दिवशीही तो लाकडं आणायलाच गेला होता, घरात लाकडांची रास पडलेली असताना. हे पाड्यात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी तोंडावर बोललं नव्हतं.

"आली परवा," नवसू म्हणाला. "हितंच. बस ना रे जरा, म्हनली. मी बसलो. लय येळ बसलो. मग हासली न् गेली."

रुपा खाली मान घालून भाकरी थापत राहिली.

दिपिका तत्त्वज्ञान शिकते. मन म्हणजे काय, ते मेंदूहून वेगळं असतं की मेंदूच मन, असला धडा तिचे सर त्याच आठवड्यात शिकवत होते. पोरगी मनाची चांगली आहे, पण नवं ज्ञान आणि नवी चप्पल, दोन्ही घरभर वाजतात.

"बाबा, आई नव्हती ती," दिपिका म्हणाली. "अळंबीत काहीतरी असतं. ते रक्तातून मेंदूत जातं. मग मेंदू आठवणीतलं काढून डोळ्यासमोर ठेवतो. त्याला भास म्हणतात."

"भास," नवसू म्हणाला. "न् आता तू दिसतेस ती?"

"ती पण मेंदूच दाखवतो."

"मंग तू खरी न् ती खोटी कशावरनं?"

 दिपिका हरणाऱ्यांतली नव्हे. "मी उद्या पण दिसेन. पुन्हा पुन्हा दिसेन. आणि मी वयनीला पण दिसते. आई वयनीला दिसली काय? विचारा."

नवसूने रुपाकडे बघितलं. रुपाने तव्याकडे बघितलं. "नाय," ती म्हणाली.

"बरं," नवसू म्हणाला. "उद्या बघू दिसते काय ती."

आणि दुसऱ्या दिवशी त्याने रुपाला म्हटलं, "मला वारुळावर ने."

हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. पुरुषाला वारूळ दाखवायचं नसतं, सासूने बजावलं होतं. पण तो हट्टाला पेटला होता. हातात नारळ, पुडीत हळदकुंकू. बुधी वारुळातनं आली, वारुळाची देवी तिला घेऊन आली, तिचा मान करायला पायजे, असं त्याचं म्हणणं. न्यावं तर बुधीशी बेइमानी, न न्यावं तर खोटं उघडं पडणार. एक खोटं झाकायला किती लुगडी लागतात, ते रुपाला त्या वाटेने चालताना कळलं. तिने त्याला नेलं. त्याने नारळ फोडला आणि तो वारुळासमोर बसून राहिला.

तो रोज जायला लागला. पावसाने ताण दिला आणि पुन्हा झिमझिमला, तशी वारुळावर अळंबी दुसऱ्यांदा फुटली. नवसूने ती स्वतःच्या हाताने खुडून आणली. डॉक्टरांनी नाही म्हटलंय, दिपिका ओरडली, भगीरथ रागावला. पण रुपाला ठाऊक होतं की ही अळंबी चांगली आहे, अगदी निर्धोक आहे, हिला खाऊन काहीही होणार नाही. आणि तेच तर वाईट होतं. तिने भाजी केली. नवसूने ती खाल्ली, चुलीजवळ पाट मांडला आणि शेजारी बसून राहिला. संध्याकाळ झाली. कोंबड्या खुराड्यात गेल्या. कुणी आलं नाही.

"रागावली," नवसू म्हणाला.

"बाबा, रागवायला ती होती कुठं?" दिपिकाचा आवाज या वेळी वाजत नव्हता. बापाकडे बघून तिचे डोळे भरले होते. "नव्हतीच ती."

"नव्हतीच म्हनन्यापरीस रागावली म्हनलेला बरा," नवसू म्हणाला, आणि पाट उचलून त्याने भिंतीला लावला.

त्यानंतर तो सकाळी जायचा तो सांजेलाच परतायचा. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पाय चिखलात. खोकला लागला, मग ताप. देवजी गुरांमागे रानात गेला होता, त्याने त्या वारुळाच्या बिळात नाग जाताना पाहिला आणि येऊन सांगितलं. भगीरथने बापाचे हात धरले, पाया पडला. नवसू म्हणाला, नाग चावला तर चावला, तिच्याकडंच जाईन.

आणि रुपा काय करत होती? रुपा रोज पहाटे फावडं घेऊन उकिरडा खालवर करत होती. एकही छत्री तिने तिथे उगवू दिली नाही. आपण खरं सांगितलं आणि म्हातारा इथली खायला बसला तर? डॉक्टर म्हणाले होते, जीव जातो. हे कारण खरं होतं. पण त्याच्याखाली दुसरं कारण होतं, आणि ते ती स्वतःलाही सांगत नव्हती. सुनेने सासऱ्याला उकिरड्यावरचं खाऊ घातलं, वर दवाखान्यात खोटं बोलली, असं पाड्यात झालं असतं. धोंडीबाई कुंपणापलीकडून बघायची आणि म्हणायची, "काय गो बाय, काम करतेस! बुधीच्या मागं तूच. सून असावी तर अशी." रुपाला वाटायचं, फावडं टाकावं आणि याच शेणात तोंड खुपसावं.

एके दिवशी दुपारी ती डबा घेऊन वारुळावर गेली. नवसू तापाने लाल झाला होता. तो वारुळाशी बोलत होता, हळू आवाजात, समजूत काढल्यासारखा. "म्या बसतो ना आता. रोज बसतो. तू ये तरी."

रुपाच्या हातातला डबा खाली पडला. भाकरी चिखलात गेली.

"बाबा," ती म्हणाली, "ती अळंबी हितली नव्हती."

नवसूने मान वळवली नाही.

"उकिरड्यावरची होती. गोठ्यामागली. आमच्याकडं मुरबाडला पेंढ्याची खातात, तशी वाटली. वाटली म्हंजे, मीच वाटवून घेतली. डॉक्टरला पन खोटा बोलले. तुमाला पन. आई रागावल्या नाय, बाबा. त्यांचा काय नाय यात. सगळा माझा हाय."

प्लास्टिकच्या कागदावर पाऊस टपटपत होता. तो आता शिव्या देईल, मारेल, असं रुपाला वाटलं, आणि मारलं तर बरंच होईल, असंही वाटलं.

"मंग हितली?" त्याने विचारलं.

"किडली होती. मी माहेरी राहिले. मला उशीर झाला, बाबा."

"उशीर," नवसू म्हणाला. त्याने पडलेला डबा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मला पन झाला होता."

रुपाला रडू फुटलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. वारुळाकडेही बघत नव्हता.

"कुठल्या अंगाची?" त्याने विचारलं.

"बाबा, परत खायची नाय. तुमाला आईंची आन हाय."

"नाय खात. इचारतोय."

"गोठ्याच्या अंगाची. आई शेणाची पाटी उपडी करायच्या तिथली."

नवसूने डोक्यावरचा कागद काढला आणि झटकला. "मी हितं नारळ फोडतोय," तो म्हणाला. "ती हितं कशाला येल? हितं वर्साकाठी यकदोन येळा यायची. उकिरड्यावर रोज जायची, सकाळ-सांज, भरल्या पाटीनं. मी जलमात यक पाटी उचलली नाय गो." तो उठायला गेला, त्याला उठवेना. रुपाने हात दिला.  घरी येऊन तिने त्याला औषधाची गोळी दिली आणि पांघरूण घातलं.

संध्याकाळी तिने दिपिकालाही सगळं सांगितलं. दिपिका आधी भडकली. मग तिचा राग ओसरला, कारण बाबांना वारुळावर धाडायला तिचं ते उद्या-पुन्हा-दिसण्याचं बोलणंही कारण होतं, हे तिला न सांगता कळत होतं.

"आई नव्हतीच आली, वयनी," ती शेवटी म्हणाली. "ते मी अजून म्हणते. पण बाबा पाटाशेजारी बसले होते, ते?"

"बसले होते," रुपा म्हणाली. "मी बघितलं ना."

"मग तेवढं तरी भास नाय," दिपिका म्हणाली आणि पुस्तक न उघडताच बसून राहिली.

ताप उतरायला आठवडा गेला. मग एका सकाळी रुपाला गोठ्यातून फावड्याचा आवाज आला. ती धावली. नवसूच्या डोक्यावर शेणाची पाटी होती. चुंबळ कशी करायची ते त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे पाटी कलली होती आणि शेणाचं पाणी कानामागून मानेवर ओघळत होतं. कुंपणापलीकडे धोंडीबाई पदर तोंडाला लावून हसत होती. "काय रे नवसू, सुनेनं कामाला लावला का?"

"लावला," नवसू म्हणाला.

"बाबा, द्या ती," रुपा म्हणाली. "अंगात ताकद नाय तुमच्या. आन मी करतेच ना रोज."

त्याने पाटी दिली नाही. उकिरड्याला वळसा घालून तो गोठ्याच्या अंगाला गेला आणि तिथे ती उपडी केली, अर्धी आत, अर्धी पायावर. मग तो कडेच्या दगडावर टेकला. धाप लागली होती. शेणाने भरलेल्या हाताने त्याने शेजारची जागा दाखवली.

"बस ना जरा," तो म्हणाला.

म्हशीची धार काढायची होती, भगीरथचा डबा व्हायचा होता, दिपिकाची जीप चुकली असती. उशीर होईल, असं रुपाच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि ती बसली.